उंचवटा

आईने जाताना लेकीच्या हातात एकच वस्तू ठेवली होती: चांदीचं एक जुनं नाणं. त्याच्या कडेला मसुराच्या दाण्याएवढा उंचवटा होता. लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात नवऱ्याने, म्हणजे फिटरसाहेबांनी, त्यावरून अंगठा फिरवला आणि निकाल देऊन टाकला, "ठोकलेलं आहे. तुझ्या माहेरचं सगळं असंच." पुढची तीस वर्षं भाजी खारट झाली तरी ते नाणं निघे आणि दार करकरलं तरी निघे. ती बिचारी देवापुढची वात सारखी करी.

फिटरसाहेब कारखान्यातून निवृत्त झाले, पण अंगठा निवृत्त झाला नाही. धातूची कड बोटाला लागली की हात कानशीकडे गेलाच. घरातला एक डाव, एक कडी त्यांनी घासायची सोडली नव्हती. मग वाचनालयातून जुन्या नाण्यांचं पुस्तक आलं, भिंग आलं, आणि एके सकाळी ते ओरडलेच,

"अगं, हे ठोकलेलं नव्हेच! ठोकलं की खड्डा पडतो. इथे धातू वर आलाय. टांकसाळीतला ठसाच कडेला फुटला असणार, आणि त्या खळग्यात चांदी चढली. जन्मतःची चूक आहे ही. हिला मान असतो!"

"म्हणजे आईचं नाणं वाईट नव्हतं?"

"वाईट? लाखात एक!"

तिने डोळे मिटून हात जोडले. देवाने ऐकलं हे होतंच, पण नवऱ्याच्या तोंडून वदवलं, हा चमत्कार होता.

"मग हेच एकदा माझ्या भावासमोर म्हणा."

"एवढंच? म्हणतो की!"

रविवारी भाऊ आला. पाठोपाठ फिटरसाहेबांनी बोलावलेले, नाणी पारखणारे मास्तरही आले. चहा गाळताना तिला आतल्या खोलीतून खर्र, खर्र, खर्र असा आवाज आला. कडीबिडी असेल, असं म्हणून तिने कप भरले.

मास्तरांनी नाणं उलटंपालटं केलं. भिंग लावलं. भिंग पुसून पुन्हा लावलं.

"उंचवटा कुठाय, साहेब? ही कड तर घासलेली आहे. टांकसाळीची चूक वगैरे काही नाही, निव्वळ नुकसान."

फिटरसाहेबांचे कान लाल झाले. त्यांनी क्षणभर छताकडे पाहिलं आणि मग खळखळून हसले.

"तीस वर्षं हेच सांगतोय, मास्तर! हिच्या माहेरचं सगळं असंच!"

भावाने हातातला कप खाली ठेवला. तिने मात्र नवऱ्याच्या मांडीकडे पाहिलं. काळ्या पँटवर चांदीचा कीस चमचमत होता.

"अहो," ती नेहमीच्याच हळू आवाजात म्हणाली, "मघाशी कानस तुम्हीच चालवलीत ना?"

"बोटाला लागत होतं!" फिटरसाहेब उसळले. "कडेला असा धातूचा फुगवटा राहिलेला माल पाहुण्यांसमोर ठेवायचा? चाळीस वर्षांत माझा एक नग परत आला नाही!"

"अहो, त्या फुगवट्यालाच तर किंमत होती," मास्तर कळवळून म्हणाले.

"मग आधी सांगायचं!"

"दाजी, ते तुम्हीच तर शोधून काढलंत म्हणे," भाऊ म्हणाला.

त्यावर फिटरसाहेबांनी चहा गार असल्याची तक्रार केली. लाखात एक, हे शब्द भावासमोर काही त्यांच्या तोंडून निघाले नाहीत.

मास्तर गेले. भावाने चपला घालताना विचारलं, "ताई, काय करणार आता त्याचं? मोडीत देऊन टाकू?"

तिने नाणं पदराने पुसलं आणि आईच्या डबीत ठेवलं.

"नको रे. एक नग तीस वर्षं सांभाळलाच आहे की," आतल्या खोलीकडे बघत ती शांतपणे म्हणाली. "त्याच्या जोडीला हेही राहील. याची खोट निदान जन्मतःची नाही."

आतून पुन्हा खर्र असा आवाज आला. चहाच्या स्टीलच्या कपाचा कान असावा.