पगारे काका आणि अठरा इंची पट्टी

पगारे काका आमची बेल वाजवतात ती बहुतेक वेळा माझा मिक्सर चालू असताना. दाण्याचा कूट निम्मा झालेला असतो. मी हात पुसत दार उघडते, तर समोर काका. अंगात बनियन, कानावर पेन्सिल, हातात स्क्रूड्रायव्हर.

"मॅडम, बुश गेलाय."

"कुणाचा?"

"मिक्सरचा. भिंतीला हात टेकला होता, कळलं."

एवढं बोलून ते सरळ स्वयंपाकघरात शिरतात. पुढच्या मिनिटाला मिक्सर ओट्यावर उताणा पडलेला असतो आणि मी कुटाचं भांडं धरून माझ्याच घरात पाहुण्यासारखी उभी असते.

नाशिकला गंगापूर रोडच्या आतल्या बाजूला आमची कॉलनी. तिसऱ्या मजल्यावर आमची दारं शेजारी शेजारी. मी शाळेत शिकवते. काकांनी उभी हयात आयटीआयमध्ये फिटरचा वर्ग घेतला. आता निवृत्त आहेत, एकटेच राहतात. माणसांपेक्षा मशीनवर त्यांचा विश्वास जास्त. "मशीन कधी खोटं बोलत नाही. खोटं बोलायला तोंड लागतं," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. माणसांचं मात्र ते मनावर घेत नाहीत. जिन्यात मागून कितीही हाका मारा, वळून बघणार नाहीत. सोसायटीच्या मीटिंगमध्ये पाण्याच्या टाकीचा विषय निघाला तर हे पार्किंगवर बोलतात. विक्षिप्त आहेत, असं म्हणून आम्ही सगळ्यांनी ते सोडून दिलं होतं.

तर अशा या काकांनी एके दिवशी मला सांगितलं, की ते चेनसॉ घेणार आहेत. चेनसॉ म्हणजे ते झाडं कापायचं पेट्रोलवरचं मशीन. आता काकांच्या घरात पाइपचा गॅस. झाड म्हणाल तर बाल्कनीत एक कोरफड आणि अर्धवट वाळलेला मनी प्लँट.

"कशाला हो काका?"

"सरपणाला."

"आणि सरपण कशाला?"

"जाळायला," काका म्हणाले आणि माझ्या अकलेची कीव केल्यासारखे आत निघून गेले.

मशीन निवडण्यात तीन महिने गेले. लोक सून निवडायला एवढा वेळ घेत नाहीत. नाशिकमधलं शेती अवजारांचं एकही दुकान त्यांनी सोडलं नाही. एका शनिवारी मला द्वारका चौकात काम होतं, म्हणून मी त्यांना गाडीतून सोडलं. तेव्हा त्यांच्या मांडीवर माझा वजनकाटा होता. आदल्या दिवशी मागून नेलेला.

"हे लोक सांगतात, मशीन साडेचार किलो," काका म्हणाले. "ते रिकाम्या पोटी. पट्टी नाही, तिच्यावर फिरणारी चेन नाही, टाकीत थेंब नाही. आपल्याला जेवलेल्या मशीनचं वजन पाहिजे."

मीही त्यांच्याबरोबर आत गेले. दुकानदार उत्साही होता. "काका, बावीस इंची पट्टीचं घ्या. गिऱ्हाईक तेच नेतं."

"तुमचं गिऱ्हाईक केवढं असतं?"

"असेल तिशी-पस्तिशीचं."

"मी अडुसष्टचा. मला सांगा, चौथ्या ओंडक्याला आधी कोण थकणार, मी का मशीन?"

दुकानदाराने बावीस इंची मशीन परत फळीवर ठेवलं.

"दोघं बरोबर थकलो पाहिजे. ते माप दाखवा."

मग काकांनी आम्हा दोघांचाही वर्ग घेतला. छोटं मशीन वाळक्या बाभळीत रडतं. मोठं घेतलं तर माणूस रडतो. म्हणून मधलं घ्यायचं. पन्नास सीसीच्या आसपास इंजिन आणि अठरा इंची पट्टी. त्यांनी तसं एक मशीन काट्यावर ठेवलं, टाक्या भरायला लावल्या आणि भरल्या पोटी ते सात किलो भरलं, पण लगेच घेतलं नाही. घरी आले, कॅनमध्ये सात लिटर पाणी भरलं आणि रोज सकाळी गच्चीवर तो कॅन दोन्ही हातांनी पुढे धरून फिरायला लागले. पंधराव्या दिवशी मला म्हणाले, "जमतंय." आणि जाऊन मशीन घेऊन आले.

आता ट्यूनिंग. नव्या मशीनचं ट्यूनिंग कारखान्यात झालेलं असतं, हे मी त्यांना सांगून बघितलं.

"कारखान्याला काय माहीत मी कुठलं लाकूड कापणार?" काका म्हणाले.

आधी चेनच्या एकेका दाताला गोल कानस मारून धार. मग पेट्रोलमध्ये ऑइल, तेही औषधाच्या मापाने मोजून. रविवारी अकरा वाजता पार्किंगमध्ये त्यांनी दोरी ओढली. पहिल्या मजल्यावरचं बाळ रडायला लागलं, दोन गाड्यांचे सायरन सुरू झाले आणि सेक्रेटरी दाढीचा साबण गालावर घेऊन खाली आले. तीन मिनिटांत ट्यूनिंग बंद पडलं. "जिथं कापायचंय तिथंच करू," काका पुटपुटले.

पण तिथवर मशीन न्यायचं कसं? पेट्रोलचा वास येणारी मशीनची गोणी कंडक्टरने एसटीत चढूच दिली नाही. काका स्टँडवरून परत आले आणि माझ्या दारात उभे राहिले. बेल न वाजवता. मी कचरा ठेवायला दार उघडलं म्हणून दिसले.

"मॅडम, दिंडोरीच्या पुढं जायचंय. आक्काकडं. तुमची गाडी..."

पुढच्या रविवारी आम्ही निघालो. काकांना कुणी बहीण आहे, हे मला त्या दिवशी कळलं. मशीनच्या पलीकडचं असं ते कधी बोललेच नव्हते. गाडीत मात्र बोलले. आक्का त्यांच्याहून आठ वर्षांनी मोठी. आई लवकर गेली, यांना तिनेच वाढवलं. डोंगरातून लाकडाच्या मोळ्या आणून ती बाजारात विकायची. "माझी आयटीआय तिच्या डोक्यावरच्या मोळ्यांवर झाली," काका म्हणाले आणि खिडकीची काच उगाच वरखाली केली.

आक्का गावात एकटी राहते. चुलीवर रांधते. काकांनी गॅस नेऊन दिला होता. तिने सिलिंडरला झालर लावून त्याच्यावर रेडिओ ठेवला. बुद्धपौर्णिमेला काका गेले, तेव्हा तिच्या नडगीला फडकं बांधलेलं होतं. लाकूड फोडताना कुऱ्हाड निसटली होती. पुण्याला असलेला तिचा मुलगा म्हणत होता, आता बास, सरपण फोडणं होत नाही तर इकडे ये. आक्का म्हणत होती, माझी चूल पेटतेय तोवर मी हलायची नाय.

"तिला पुणं सोसायचं नाही," काका म्हणाले. "तिथं तिला ओळखणारं कुणी नाही. वर्षभराचं सरपण दारात रचलं, तर भाच्याचा मुद्दाच संपला."

तीन महिन्यांचं कोडं मला तेव्हा उलगडलं.

आक्का ओट्यावर बसली होती. बारीक, काटक, हिरवं लुगडं. आम्हाला बघून उठली नाही.

"आलास का? मला वाटलं वाट इसरलास."

काका हसले आणि मशीन घेऊन थेट बांधाकडे गेले. गेल्या वर्षीच्या वादळात पडलेली बाभळ तिथे आडवी होती. वाळून लोखंड झालेली.

मी आक्काजवळ बसले. "लय तोऱ्यात असतो," ती म्हणाली. "दोन वरसं झाली, फोन नाय त्याचा. मी केला तर हां हां करून ठेवून देतो. मी नाशकाला राहायला नाय गेले, त्याचा राग धरलाय त्यानं."

तिकडे मशीन सुरू झालं. काकांनी ते गरम होऊ दिलं आणि बारीक स्क्रूड्रायव्हर काढला. तीन स्क्रू असतात. एक मंद चालीचा, एक भर वेगाचा आणि तिसरा, हात सोडला की चेन जागेवर थांबावी म्हणून. दोन लवकर जमले. अडलं ते भर वेगाच्या स्क्रूवर. त्याचं मर्म काकांनी मला गाडीत सांगितलं होतं. मशीन रिकामं पळवलं की जरासं खोकलं पाहिजे, आणि लाकडात शिरलं की गळा मोकळा झाला पाहिजे. नुसतं किंचाळणारं मशीन आतून जळत असतं.

काकांनी स्क्रू किंचित फिरवला, मशीन पळवलं, मान वाकडी करून ऐकलं. पुन्हा फिरवला. पुन्हा ऐकलं. मशीनच्या अंगावर तळहात ठेवून पाहिला. पाचसहा वेळा हेच. मग त्यांनी मशीन बंद केलं आणि बाभळीवर पाठमोरे बसून राहिले.

"काय झालं रं?" आक्काने ओट्यावरून विचारलं.

काका हलले नाहीत.

आक्का उठली. लंगडत बांधापर्यंत गेली आणि त्यांच्या मागे दोन हातांच्या अंतरावर उभी राहिली. "बाळू," तिने हाक मारली. मग जोरात, "बाळू!"

बांधापलीकडच्या झाडावरचा एक होला उडाला. काका तसेच.

 आक्का वळसा घालून त्यांच्या समोर आली आणि खाली बसली.

"कधीपासनं?" तिने विचारलं.

काकांनी तिच्या ओठांकडे पाहिलं. "झाली दोनेक वर्षं," ते म्हणाले. "उजवा गेलाच. डाव्यात जाड आवाज येतो, बारीक येत नाही. वर्कशॉपमध्ये कानात कधी काही घातलं नाही. कान झाकून मशीन ऐकणार कसं?"

"आन् फोन?"

"तुझा आवाज नुसता गुणगुण येतो. काय बोललीस तेच कळायचं नाही. मग हां म्हणायचो."

आक्काने पदराने नाक पुसलं. मला वाटलं, आता ही रडणार. पण ती कडाडली.

"माझ्या कटरपायी समदं नाशिक पालथं घातलंस, आन् सोताच्या कानापायी एक दुकान सापडलं नाय तुला?"

हे मात्र काकांना स्वच्छ ऐकू आलं. मलाही, आणि बहुधा दिंडोरीपर्यंत.

"ऊठ," ती म्हणाली. "चालू कर ते. कसं वाजाय पायजे ते सांग मला. माझे कान हायेत अजून."

मग मी जे पाहिलं ते असं. काका मशीन जमिनीवर दाबून धरून स्क्रू फिरवतायत, आणि शहात्तर वर्षांची आक्का त्यांच्यापुढे उकिडवी बसून हाताने खुणा करतेय. बोट वर, म्हणजे किंचाळतंय. काका स्क्रू उलटा फिरवायचे. बोट अजून वर. अजून थोडा उलटा. मग तिने तळहात आडवा धरला.

"खोकलं!" ती ओरडली. "आता खोकलं बग!"

काकांनी तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि मान डोलावली. गॉगल चढवला. आक्काने घरातून स्वतःच्या फाटक्या दुलईतला कापूस काढून आणला आणि त्यांच्या दोन्ही कानांत कोंबला. "उरलंय त्येवढं तरी सांभाळ." मशीन बाभळीत शिरलं आणि खरोखर त्याचा गळा मोकळा झाला. पोह्यांसारखा जाड भुसा उडायला लागला. पिठासारखा पडला असता तर धार नाही असं समजायचं, हेही मला आता कळत होतं.

चौथ्या ओंडक्याला काका थांबले. मशीनमधलं पेट्रोलही तेव्हाच संपलं.

दम घेऊन, टाकी पुन्हा भरून त्यांनी उरलेली बाभळ कापली. सूर्य कलेपर्यंत ओट्याच्या कडेला छातीएवढी थप्पी लागली. रचायचं काम आक्काने कुणाला करू दिलं नाही. जाड लाकूड खाली, ढलप्या वर. शेवटी तिने थप्पीचा मोबाइलवर फोटो काढायला लावला आणि पुण्याला पाठवायला सांगितलं. "खाली लिव्ह," ती मला म्हणाली, "पुढच्या पावसाळ्यापातुर आई हलत नाय."

येताना काका गाडीत झोपले. मी त्यांना काही विचारलं नाही. पण सोमवारी शाळा सुटल्यावर त्यांच्या दारासमोर उभी राहिले आणि ते दार उघडेपर्यंत बेलवरचं बोट काढलं नाही.

कानाच्या मशीनला तीन महिने लागले नाहीत. दोन फेऱ्यांत काम झालं. तपासणाऱ्या मुलीला काकांनी अर्थातच विचारलं, की याचे स्क्रू कुठे असतात. ती म्हणाली, हे कॉम्प्युटरवर ट्यून होतं. काकांना ते पटलं नाही, पण ते मशीन कानात घालून बसले. मग एकदम दचकून म्हणाले, "हा पंखा एवढा वाजतो?"

घरी आल्यावर जिन्यात त्यांनी फोन काढला. मी कुलूप उघडत होते. तिकडून आक्काचा आवाज फुटला. फोन त्यांच्या कानाशी होता, तरी मला शब्द न् शब्द ऐकू येत होता. "बाळू! जेवलास का? बाळू! ऐकतोस का रं?"

काका जिन्याच्या पायरीवर बसले. बराच वेळ नुसते ऐकत राहिले. तिकडे आक्का ओरडतच होती.

"आक्का," काका म्हणाले, "हळू बोल."