अकरा अक्षरांचा ठराव

कुठलीबी सहकारी संस्था तीन पायांवर हुबी ऱ्हाती : घटना, गणपूर्ती आन् एकमेकांवरचा अविश्वास. ह्यातला तिसरा पाय सगळ्यात मजबूत. त्याच पायावर मी पैज लावली.

शेजारचा रावजी सकाळी ओट्यावर दात घासत हुता. तोंडात मिश्री तशीच ठेवून म्हणला, "उद्या पुण्याची पार्टी येतीया. संस्थेचं मशीन बघ कसं पाव तासात उघडतंय."

"उघडत न्हाय."

"लावतो का पैज?"

"लाव की!"

पैजेच्या अटी (तोंडी, साक्षीदार रावजीची म्हैस) अशा : हरणाऱ्यानं आठवडी बाजारात स्पीकरच्या गाडीवर हुबं ऱ्हाऊन तीन बारी वरडायचं. रावजी हरला तर 'संचालक मंडळ येडं'. मी हरलो तर 'संचालक मंडळ शाणं, मीच येडा'. रावजीचा मेव्हणा मंडळात असल्यामुळं त्याला पहिलं वाक्य म्हणायचा घोर हुता. मला दुसऱ्याचा नव्हता.

आता संस्था. अंथुर्णे परिसर वेबसाइट उत्पादक सहकारी संस्था मर्यादित, स्थापना १९९९. दूध उत्पादकांची संस्था असती, ऊस उत्पादकांचा कारखाना असतो, मग वेबसाइट उत्पादकांनीच काय घोडं मारलंय, असा रास्त सवाल श्रीपतीआबांनी केला आन् तेच चेअरमन झाले. सभासद ४१२. पैकी कॉम्प्युटर पाहिलेले ३७. पैकी चालू अवस्थेत पाहिलेले ९. प्रत्यक्ष वेबसाइटी करणाऱ्या दोघी, करुणा आन् अंजली. पण त्या नोकर असल्यामुळं पोटनियमाप्रमाणं त्यांना उत्पादक धरता येत न्हाय.

करुणा कन्हेरीची. पुण्यातली नोकरी आन् खोली दोन्ही सोडून आलेली. खताच्या गोडाऊनचा अर्धा भाग झाडून तिनं मोठं मशीन बसवलं, त्याला सर्व्हर म्हणत्यात. सगळ्या वेबसाइटी त्याच्यात ऱ्हात्यात. वायरीनं जोडलेलं दुसरं लहान मशीन अंजलीचं. कच्चं काम लहान्यावर करायचं, बिघडलं तर तितंच बिघडू द्यायचं, नीट जमलं की मोठ्यावर चढवायचं. एवढं मंडळाच्या गळी उतरवायला तिला चार बैठका लागल्या. पाचव्या बैठकीत एका संचालकांनी विचारलं, "मग उद्घाटनाचा हार कच्च्याला का पक्क्याला?" दोन्हीला घातला. झेंडूच्या पाकळ्या आतल्या पंख्यात गेल्या. (दुरुस्ती : दोन दिवस. चौकशी समिती : अजून चालू.)

पुण्याच्या पार्टीचं काम मिळालं तर दोघी कायम. न्हाय मिळालं तर गोडाऊन परत खताला. करुणा आठ दिवस नीट जेवली नव्हती. मी मात्र दोन्ही टायमाला जेवत हुतो, कारण माझा ठराव क्रमांक सातवर पूर्ण विश्वास हुता.

मशीनची किल्ली, म्हंजे पासवर्ड, कुणाकडं असावी ह्यावर मंडळात सहा विरुद्ध पाच अशी फूट पडली. आबांचं म्हणणं, "माझ्याकडं." पाच जणांचं म्हणणं, "मग संस्थाच घरी न्या." शेवटी ठराव क्रमांक सात झाला तो असा : "सदर पासवर्ड अकरा अक्षरी असावा. प्रत्येक संचालकाने एक अक्षर मनात धरावे व ते अन्य संचालक, नोकर अथवा पत्नी यांस सांगू नये. मशीन उघडणेकामी प्रत्येकाने आपले अक्षर ज्येष्ठतेनुसार स्वहस्ते दाबावे." सर्वानुमते मंजूर. (सर्वानुमते मंजूर झालेला हा संस्थेचा एकमेव ठराव.)

करुणा म्हणली, "आबा, वीज गेली की मशीन परत उघडावं लागतंय. दर बारीला अकरा जण कुठनं आणू?"

"जीप हाय की संस्थेची."

"आन् बॅटरी घेतली हुती ती?"

"तिच्यावर माझ्या केबिनचा पंखा हाय," आबा म्हणले. "तो बंद ठेवून कसं चालंल, पोरी?"

दोन्ही गटांनी मला हाकललेलं असल्यामुळं निःपक्ष निरीक्षक म्हणून माझीच नेमणूक झाली. कार्यपद्धती अशी : दहा जणांनी भिंतीकडं तोंड करायचं. अकराव्यानं उपरणं कीबोर्डवर पांघरायचं, आत हात घालायचा, बटण दाबायचं. पडद्यावर एक चांदणी उमटती. मग पुढचा. महिला राखीव जागेवरच्या कुशाबाई पदराखाली दाबायच्या आन् वर दम द्यायच्या, "कुणी वळून बघितलं तर डोळं काढीन!" एका ज्येष्ठ संचालकांचं बोट दर बारीला कीबोर्डच्या येगळ्याच कोपऱ्यात जायचं. गोपनीयतेपायी मी इतिवृत्तात नोंद केली न्हाय.

महिन्याची आकडेवारी : वीज गेली ४३ वेळा. अकरा जण जमले १९ वेळा. जमायला लागलेला सरासरी वेळ पाच तास. त्यात एकमेकांशी बोलणं नसलेल्यांना दोन फेऱ्यांत आणावं लागायचं.

पार्टी यायच्या दिवशी मी सकाळीच संचालक दत्तोबाला निरोप धाडला : व्याही भिगवण स्टेशनात उतरल्यात, न्यायला या. व्याही म्हणल्यावर दत्तोबा पायात चप्पल न घालता गेला. राहिले दहा.

पार्टी आली. च्या झाला. करुणा पडद्यावर काहीतरी दाखवणार तवर वीज गेली. दहा मिनिटांनी आली आन् मशीननं पासवर्ड मागितला. पार्टीनं मनगटावरचं घड्याळ बघितलं. रावजीनं माझ्याकडं बघितलं. मी छताकडं.

दहा चांदण्या उमटल्या.

"दत्त्याचं अक्षर मी दाबतो," आबा म्हणले.

"तुमास्नी कसं ठावं?" पाच जण एका सुरात. "फोडलंय व्हय तुमी?"

 अंजलीनं करुणाचा हात धरलेला. पाव तासातली बारा मिनिटं गेली. मी मनात रावजीसाठी स्पीकर ठरवत हुतो.

तेवढ्यात कुशाबाई म्हणल्या, "भांडताय काय? बैठकीला गैरहजर माणसाचं मत कोरं धरताव न्हवं? मग अक्षरबी कोरं धरा. मांडते मी ठराव."

अनुमोदन मिळालं. सगळ्यात लांबडं, काहीच न लिहिलेलं बटण दाबलं गेलं. मशीन उघडलं.

"बघितलं का!" आबा पार्टीला म्हणले. "ठरावात ताकद असती."

पार्टीनं काम दिलं. सगळी पेढ्यावर तुटून पडली तवा मी करुणाला कोपऱ्यात गाठलं.

"खरं सांग. हे उघडलंच कसं?"

"काका, दुसऱ्या आठवड्यापासनं काय बी दाबलं तरी उघडतंय. अकरा चांदण्या मोजल्या की झालं. पडद्यावरचा तो चांदण्यांचा डबा नुसता दिसायला हाय. खरं कुलूप आत हाय, त्याची किल्ली माझ्याकडं."

"मग अकरा जणांना जीपनं कशाला आणतीस?"

"न आणलं तर मशीनला हात लावू देत न्हाईत." मग हळूच म्हणली, "आन् दत्तोबाकाकांना भिगवणला कुणी धाडलं त्ये मी इचारत न्हाय."

मी पेढ्याच्या ताटाकडं वळलो.

आठवडी बाजारात स्पीकरच्या गाडीवर हुबं ऱ्हाऊन मी तीन बारी वरडलो, "संचालक मंडळ शाणं, मीच येडा!" भाजीवाल्यांनी टाळ्या पिटल्या. अकराच्या अकरा संचालक पुढच्या रांगेत, छाती काढून. खरं सांगायला जीभ वळवळली. पण समोर करुणा मेथीची जुडी निवडत हुती, तिनं मान वर करून नुसतं बघितलं. मी चौथ्यांदा वरडलो.

तुमी हसताय, हसा. पुढल्या महिन्यात निवडणूक हाय. धुतलेली कापडं घालून तुमी दोन तास रांगेत हुबं ऱ्हाशीला, पुठ्ठ्याच्या आडोशाला जाशीला, शेजारचा डोकावतोय का ते बघशीला, आन् बायकोलाबी न सांगता शिक्का मारशीला. मग बोटावरची शाई जपत घरी येऊन, सगळं आपल्याच शिक्क्यानं उघडलं म्हणून निवांत झोपशीला.

झोपा. मी कुणाला सांगत न्हाय.