तीन नंबरचं इंजिन

सकाळी पावणेसहाला शारजातल्या आमच्या बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये फेलिक्स तुस्कानो आपल्या जुन्या पांढऱ्या गाडीभोवती एक पूर्ण फेरी मारतात, चारी टायरांना बुटानं ढोसून बघतात आणि मग आत बसून हजेरी घेतात.

“नॅव्हिगेटर?”

“हजर,” मी म्हणतो.

“टेल गनर?”

मागच्या सीटवरची माझी मुलगी ईरा पुस्तकातून मान वर न काढता म्हणते, “अंकल, आय हॅव अ मॅथ्स टेस्ट.”

“टेल गनर हजर,” अंकल स्वतःच ठरवून टाकतात. “यल्ला!” आणि आम्ही दुबईतल्या सिलिकॉन ओएसिसकडे, म्हणजे पहिल्याच सिग्नलवर अडकायला, निघतो. तिथं माझं ऑफिस, ईराची शाळा आणि अंकलची लिफ्ट तपासणारी कंपनी.

अंकल वसईचे, साठीला टेकलेले. बायको जाऊन सहा वर्षं झाली, दोन्ही मुलं कॅनडात. त्यांच्या फ्लॅटमध्ये हॉलच्या भिंतीवर येशूची तसबीर आहे आणि शेजारी तिच्या चौपट मोठा बंगालच्या उपसागराचा नकाशा. महायुद्धात ब्रिटिशांची एक बॉम्बर स्क्वॉड्रन बंगालमधून उडून ब्रह्मदेशात बॉम्ब टाकायची. चार इंजिनांची अजस्र विमानं, पुढं वाट काढणारा नॅव्हिगेटर, शेपटीत मशिनगन घेऊन बसलेला टेल गनर. त्या एका स्क्वॉड्रनचा इतिहास अंकल कित्येक वर्षं लिहिताहेत.

एकदा आम्ही त्यांना जेवायला बोलावलं. बायकोनं आणखी एक पोळी वाढायला घेतली, तर म्हणाले, “खलास! लोड जास्त झाला की रनवे पुरत नाही.” मग त्यांनी ताटातच युद्ध मांडलं. भात म्हणजे बंगाल, कोशिंबीर म्हणजे ब्रह्मदेश, मधली आमटी समुद्र. “या आमटीवरून चौदा चौदा तास, हबीबी. खाली पाणी, वर ढग.” बायको नंतर मला म्हणाली, “भला माणूस आहे, पण कोशिंबिरीला हात लावला नाही हो त्यांनी.”

न परतलेल्या विमानांची त्यांची एक जाड फाइल होती. त्यातल्या माणसांना अंकल कधी ‘मेले’ म्हणत नसत. ‘नॉट येट’ म्हणत. अजून आले नाहीत, इतकंच.

या वेडाचं कारण मला खूप उशिरा कळलं. अंकलचे वडील त्या स्क्वॉड्रनमध्ये मेकॅनिक होते. विमानाच्या प्रत्येक इंजिनाला एक मेकॅनिक, आणि उड्डाणाआधी फॉर्मवर त्याची सही. वडिलांचं इंजिन तीन नंबरचं. एका पहाटे त्यांनी सही केली, विमान उडालं, ते आलंच नाही. का पडलं, कुणी सांगितलं नाही. युद्ध संपल्यावर ते वसईला आले, केळी लावली, आणि मरेपर्यंत कुठल्याही कागदावर अंगठा लावत राहिले. बँकेत, पंचायतीत, अंकलच्या शाळेच्या दाखल्यावरसुद्धा.

“इंग्लिश वाचणारा माणूस, कुलकर्णी!” अंकल म्हणाले. “आम्हाला पोरांना लाज वाटायची. मी गल्फला निघालो त्या दिवशी त्यांनी पहिल्यांदा सांगितलं, का ते.”

त्या विमानाच्या पायलटची मुलगी इंग्लंडमध्ये राहते. तिचं नाव मार्गरेट. वडील गेले तेव्हा ती पाळण्यात होती, आता ऐंशीची आहे. तिला इंटरनेटवर अंकलचा शोध लागल्यापासून दोघांचा पत्रव्यवहार चालू होता. विमानातल्या बाकीच्या माणसांच्या घरच्यांनी पायलटलाच दोषी धरलं होतं. रात्री प्यायला असेल, म्हणून समुद्रात घातलं, असं तिच्या आईच्या तोंडावर बोलले होते. आईनं त्यांना कधी उत्तर दिलं नाही, आणि दुसरं लग्नही केलं नाही. मार्गरेट प्रत्येक पत्रात एकच विचारायची: काही कळलं का?

आणि एका शुक्रवारी दुपारी, चर्चमधल्या मासहून परस्पर, अंकल आमच्या दारात उभे राहिले. हातात एक प्रिंट. लंडनहून स्क्वॉड्रनच्या डायरीची पानं स्कॅन होऊन आली होती. मागच्या विमानानं पाहिलेलं दोन ओळींत लिहिलं होतं: तीन नंबरच्या इंजिनाला आग. पायलटनं विमान शेवटपर्यंत सरळ धरलं.

“पायलट सुटला,” अंकल म्हणाले आणि चपला न काढताच सोफ्यावर बसले.

त्यांनी वसईला मोठ्या बहिणीला, सिसिलियाला, फोन लावला. स्पीकरवर तिचा आवाज आला. “फाडून टाक तो कागद. बाबांना कबरीत तरी शांत झोपू दे. त्या बाईला काय, म्हण सापडलं नाही.”

“अगं, पण तिच्या बापाची काही चूक नव्हती.”

“आणि आपल्या बापाची होती?”

अंकलनी फोन ठेवला.

पुढचे बारा दिवस गाडीत हजेरी झाली नाही. ईरानंच एकदा विचारलं, “अंकल, नो टेल गनर टुडे?” ते म्हणाले, “आज उड्डाण रद्द, बेटा.” तेराव्या दिवशी त्यांनी मला मार्गरेटला लिहिलेला मेल तपासायला दिला. इंग्रजी साधं होतं. डायरीतल्या दोन ओळी जशाच्या तशा, आणि खाली एक वाक्य: ‘तीन नंबरच्या इंजिनासाठी सही करणारे माझे वडील होते.’

“हे शेवटचं नाही लिहिलं तरी चालेल, अंकल,” मी म्हणालो.

“तिला चालेल. मला नाही.”

उत्तर आलं तेव्हा आम्ही घरी परतताना जॅममध्ये उभे होतो. “तू वाच,” ते म्हणाले. दोन्ही हात स्टिअरिंगवर घट्ट होते.

मार्गरेटनं लिहिलं होतं की त्या दोन ओळी तिनं आईच्या थडग्यापाशी जाऊन मोठ्यानं वाचल्या. आभार होते. आणि शेवटी एक प्रश्न: ‘तुमचे वडील तेव्हा किती वर्षांचे होते?’



“लिही, एकोणीस,” अंकल म्हणाले. “आणि लिही, की विमान आलं नाही तेव्हा ते रनवेच्या कडेला उभे राहिले. दुसऱ्या दिवशी दुपारी सार्जंटनं हाताला धरून जेवायला नेलं, तोवर...”

 पुढच्या गाड्या सरकल्या, आमची हलली नाही, मागून हॉर्न वाजू लागले. मी हात लांब करून हॅझर्ड लाइट लावले.