अंधार मागणारा मधुकरभाऊ

सांजचं जेवण झालं का मधुकरभाऊ गल्लीत निघे आन् लोकाईच्या आंगणातले बल्ब बंद करे. विचारत नव्हता. फाटक ढकललं, बटन दाबलं, चालला पुढं. कोणाची सून भांडे घासत असो, कोणाचा म्हातारा पाय धूत असो, झाला अंधार. आतून शिवी आली का हा बाहेरून म्हणे, "पाहुणा येऊन राह्यला. पाहुण्याच्या तोंडावर बत्ती मारत नाई."

पाहुणा म्हणजे उजेड. वरचा, आभाळातला.

आता गंमत पहा. हा माणूस नोकरीले होता ऊर्जानगरले. उभी जिंदगी वीज बनवली त्यानं. रिटायर झाला आन् एकटाच इथी आला, आरमोरीच्या अलीकडं आमच्या गावाले. माह्या भिंतीले लागून घर घेतलं. मी विचारलं, "काऊन भाऊ, क्वार्टर सोडून खेड्यात?"

म्हणे, "बाई, तिथी दिव्यानं आन् धुरानं आभाळच दिसत नाई. आइकलं का तुमच्या गावची लाइन लय जाते."

लाइन जाते म्हणून गावात राह्यले आलेला माणूस मी तरी दुसरा पाह्यला नाई.

छतावर त्याची दुर्बीण, घरात लॅपटॉप. मोठमोठ्या दुर्बिणीनं काढलेले फोटो त्या लॅपटॉपवर येत. एक दिवस माह्याच चटईवर माह्याच लाखोळीच्या डाळीचे दाणे मांडून बसला. "बाई, हा दाणा म्हणजे तारा नोहे. करोडो ताऱ्याचं एक गाव आहे हे. दीर्घिका म्हणते त्याले." म्हणे, तिचा उजेड फोडला का रंग पडते. रंग लालाकडं जितका सरकला, तितकं ते गाव दूर. असं एकएक गाव कुठी आहे ते काढून हा आन् याच्यासारखे लोक आभाळाचा नकाशा बनवते. "आन् पहा, गावं कसेबी नाई पसरले. घोळक्या-घोळक्यानं राह्यते. मधात निरा पडीक."

बोलता बोलता चष्मा आणाले घरात गेला. आला तर बोंबललाच, "बाई! तुमच्या कोंबडीनं अख्खा घोळका खाल्ला!"

मी म्हणली, "कोंबडीले का मालूम भाऊ. तिनं लाखोळी खाल्ली."

बुद्ध पौर्णिमेले तर त्याचं तोंड पाहण्यासारखं. विहारात वंदनेले येणं तर आहे, आन् वर चांद भरला. त्या उजेडात त्याचे दूरचे गावं सारे बुजून जाय. हात जोडून बसे, पण चांदाकडं असा पाहे जसा चांद त्याचा पैसा खाऊन बसला.

लोक हासत. मीबी हासो.

मंग त्या साली नहराजवळ वाघ दिसाले लागला. ग्रामपंचायतीत सभा झाली. सरपंचबाई म्हणे, गल्लीच्या टोकाले मोठा लाइट लावू, बाया मोहं वेचाले तिथूनच जाते. साऱ्यायनं मान डोलावली. मधुकरभाऊ उभा झाला.

"तो उजेड निघाला तेव्हा पृथ्वीवर माणूस नव्हता," म्हणे. "इतका चालून आला, आन् तुमच्या खांबापाशी मरंल!"

कोणी हासलं नाई. मी उठली. सभेत मी कधी बोलली नव्हती.

मी म्हणली, "भाऊ, माह्या मालक त्याच नहराच्या बांधावरून मोहाले गेला होता. तो आला नाई. तुमचा उजेड येते चालून. आमच्या माणसानं याव का नाई?"

माह्या मालकाले वाघानं नेलं त्याले लय वर्षं झाले. पंचनामा झाला, माती झाली. पण दुसऱ्या दिवशी मोहाचं फूल पडलंच. झाडाले का मालूम. टोपली घेतली आन् गेली मी. पोरं लहान होते, मोहं वेचल्याबिगर चूल पेटत नव्हती. तेव्हापासून मी जातो.

मधुकरभाऊ खाली बसला. लाइट लागला. त्यानं दुर्बिणीवर घोंगडं टाकलं. गल्लीत दिसेनासा झाला.

मोह गळाले लागले. मी पहाटे निघाली तर हा फाटकापाशी उभा, हातात दांडा. "मीबी येतो," म्हणे.

"तुले मोहं वेचता येते?"

"नाई. मी आवाज करतो. माणसाचा आवाज आला का वाघ सरकते म्हणते."

बांधावर पोचलो. अंधारात झाडं दिसत नव्हते, बायाईच्या बॅटऱ्या दिसत होत्या. कुठी घोळका, कुठी काईच नाई. तो थांबला. "पहा बाई, आमचं काम असंच. झाड दिसत नाई, बॅटरी दिसते. जिथी बॅटऱ्या दाट, तिथी मोह दाट." मंग म्हणे, "आन् तुमचं झाड?"

मी हात दाखवला. साऱ्यायहून दूर, जंगलाले लागून, एकटंच आहे ते. तिथंच माह्या मालक गेला.

तो तिकडंच चालला. झाडाखाली जाऊन माह्याकडं पाठ केली, जंगलाकडं तोंड केलं आन् सुरू झाला. पण बोलाव का? त्याले एकच गोष्ट येते. तो वाघाले दीर्घिका सांगे! गळा फाडून! "तर उजेडाचा रंग लाल होते! आन् घोळक्याच्या मधात आहे पोकळी!" दुसऱ्या झाडाखालच्या बाया पदर तोंडात धरून हासत. "अवो, वाघ शाळेत बसला का नाई?" मोहं संपत आले तरी तो रोज आला. गळा बसला, पण आला.

एक दिवस मधातच चूप झाला. मी मान वर केली. तो तसाच उभा, जंगलाकडं तोंड.

"भाऊ, का झालं?"

"काई नाई," म्हणे. "घरवाली होती तेव्हा रोज आइके. तिले समजे नाई, पण भाकर थापता थापता आइके. ती गेली तेव्हापासून इतका कधी बोललो नाई. आता बोलून राह्यलो तं वाटते, सांगतो कोणाले? वाघाले?"

मी टोपली खाली ठेवली.

"मले सांग," मी म्हणली. "पण इकडं तोंड करून सांग. जंगलावर मी नजर ठेवतो."