अहमदच्या हद्र्यात डंकन साहेबांची गरी

"साहेब, नदी नसली म्हणून काय झालं? ओहोटीचं पाणी आहे ना," असं कमाल ऑफिसात बोलून गेला, आणि बोलल्यावर त्याला स्वतःलाच ते फार पटलं.

डंकन साहेब कॅनडाहून बहरीनला येताना कपड्यांपेक्षा जास्त काळजीने गळांची एक पेटी घेऊन आले होते. इथे एकही नदी नाही हे त्यांना विमानतळावर उतरल्यावर कळलं. तेव्हापासून कामाचा कंटाळा आला की ते ती पेटी टेबलावर उघडत आणि समोर जो असेल त्याला वॉलाय नावाच्या माशाबद्दल सांगत. दोऱ्यात ओवलेले रंगीत मणी, त्यावर चमचमणारं पितळी पातं, त्यामागे दोन गऱ्या. हे नदीच्या धारेत आडवं टाकायचं आणि तळालगत हळूहळू ओढायचं. पातं गरगर फिरतं, वॉलायला वाटतं लहान मासा चाललाय, आणि तो येऊन लागतो. जहाजांना सामान पुरवणाऱ्या त्या कंपनीत वॉलाय न ऐकलेला माणूस राहिला नव्हता.

"तू याने मासा पकडशील?" साहेबांनी विचारलं.

"शुक्रवारीच पकडतो. दुपारी घरी जेवायलाच या."

'मला माहीत नाही' हे वाक्य कमालच्या तोंडून कधी निघत नसे. त्याच्या वडिलांचं राजापूरच्या बाजारात कापडाचं दुकान होतं. मासा त्याने पाहिला तो दारावर आलेल्या कोळणीच्या टोपलीत, आणि त्यानंतर थेट ताटात. पण बहरीनमध्ये रत्नागिरी जिल्हा म्हटलं की लोक परस्पर त्याला दर्यावर्दी समजत, आणि लोकांचा गैरसमज दूर करत बसण्याची कमालला आवड नव्हती.

या वेळी मात्र नुसत्या बढाईचा प्रश्न नव्हता. त्याची बायको ताहेरा व्हिजिट व्हिसावर आली होती आणि महिनाअखेर तिला परत जावं लागणार होतं. लग्न झाल्यापासून त्यांचा संसार सुट्टीपुरताच चालला होता. दोघांचा बुजरेपणा जाऊन जरा भांडायला सुरुवात होते न होते तोच कमालची सुट्टी संपायची. आता नईम मोहल्ल्यातल्या त्याच्या फ्लॅटला पडदे लागले होते, संध्याकाळी जिन्यात फोडणीचा वास येत होता. ती गेल्यावर या घरात आपल्याला राहवणार नाही, हे कमालने कुणालाच सांगितलं नव्हतं, तिलाही नाही. फॅमिली व्हिसासाठी डंकन साहेबांची सही हवी होती, आणि साहेब कित्येक दिवस नुसतं "बघू" म्हणत होते.

"मासा शुक्रवारी खायाचा, व्हिसा शनिवारी मागायचा," कमालने ताहेराला सगळी योजना समजावली.

"आनि मासा कोन पकडनार?"

"मी."

ताहेराने त्याच्याकडे निरखून पाहिलं. "तुमी कदी गरी हातात धरलाव? जेवताना काटा लागला तं अख्खं घर डोक्यावर घेताव."

"तू वाटण तयार ठेव," कमाल म्हणाला.

शुक्रवारी सकाळी तो ज्युलियनला घेऊन सनाबिसच्या किनाऱ्यावर गेला. ज्युलियन वसईचा, त्याच्याच ऑफिसात हिशेब बघायचा, आणि मुख्य म्हणजे त्याच्याकडे गाडी होती. ओहोटी लागली होती. दोघे पँट वर करून गुडघाभर पाण्यात चालत निघाले. थोडं आत गेल्यावर काठ्या आणि तारेच्या जाळीचं एक लांबच लांब कुंपण लागलं. त्याच्या दोन बाजू पुढे एकमेकींजवळ येत होत्या आणि मधल्या फटीतून पाणी जोरात वाहत होतं.

"ही बघ नदी," कमाल म्हणाला.

"कमाल, हे कुणीतरी बांधलंय रे."

"पाणी कुणी बांधत नाही, ज्युलियन."

बहरीनमध्ये या कुंपणाला हद्रा म्हणतात. भरतीबरोबर मासे आत शिरतात, ओहोटीला पाणी निघून जातं आणि मासे टोकाच्या खणात अडकून राहतात. प्रत्येक हद्र्याला मालक असतो आणि आतला मासा त्याच्या मालकीचा असतो. एवढं तिथलं शेंबडं पोरही जाणतं, पण कमालचं बहरीन ऑफिस, मशीद आणि भाजीबाजार यांच्या पलीकडे कधी गेलंच नव्हतं.

त्याने गरीला कोळंबी लावली आणि साहेबांनी शिकवल्याप्रमाणे गळ धारेत आडवा टाकला. पातं गरगर फिरत खणाच्या दिशेने गेलं आणि लगेच दोरी ताणली गेली.

"लागला," कमाल शांतपणे म्हणाला, जणू रोजच लागतो. "हामूर मासा असणार, मोठा आहे."

"हलत का नाय मग?"

"दमलाय. तू मला मागून धर."

ज्युलियनने त्याला कमरेला धरलं. दोघांनी मिळून जोर लावला, दोरी आणखी ताणली, आणि मग एकदम सैल पडली. दोघे पाण्यात बसले. समोर हद्र्याच्या खणाची अख्खी जाळी दोन काठ्यांसकट आडवी झाली होती, आणि आतले मासे कमालच्या मांड्यांना घासून खुल्या समुद्रात चालले होते. एवढे मासे त्याने आयुष्यात जवळून पाहिले नव्हते.

ते अजून बसलेलेच होते, तेवढ्यात मागून पाणी तुडवत एक म्हातारे बहरीनी गृहस्थ आले. डोक्याला फडकं, हातात मासे भरायची टोपली. त्यांनी जाळीकडे पाहिलं, मग जाळीत अडकलेल्या पितळी पात्याकडे पाहिलं.

"ये क्या है?" त्यांनी हिंदीत विचारलं.

"वॉलाय पकड़ने का," कमाल उठत म्हणाला. "कॅनडा का माल है."

"मैं अहमद. ये हद्रा मेरा है, मेरे बाप का था." आवाज अजिबात चढला नव्हता, त्यामुळे ज्युलियनला जास्तच भीती वाटली. "पानी वापस आएगा. उससे पहले बनाओ. यल्ला."

मग वसईचा हिशेबनीस आणि राजापूरच्या कापडवाल्याचा मुलगा ओल्या पँटींनी काठ्या रोवायला आणि तारा बांधायला लागले. ज्युलियन बांधत होता आणि कमाल त्याला कसं बांधायचं ते सांगत होता. अहमदनी थोडा वेळ ऐकून घेतलं आणि कमालच्याही हातात तार दिली. बोटांना टोचायला लागल्यावर कमालचं बोलणं कमी झालं. शेवटी अहमदनी हा उद्योग कशासाठी ते विचारलं, तेव्हा त्याने सगळं सांगून टाकलं. साहेब, सही, महिनाअखेर, ताहेरा. नवल म्हणजे त्यात एकही शब्द वाढवून सांगितलेला नव्हता.

 खणाच्या कोपऱ्यात उरलेले दोन हामूर अहमदनी उचलून कमालच्या पिशवीत टाकले. "ले जाओ. जुम्मे की नमाज के बाद मैं भी आएगा खाने को. मच्छी मेरा है, इस खिलौने का नहीं. ये साहब को मालूम होना."

ज्याचा हद्रा तोडला त्याला घरी येऊ नका कसं म्हणणार? कमालने पत्ता सांगितला.

दुपारी नईमच्या फ्लॅटमध्ये एका बाजूला डंकन साहेब बसले, समोर स्वच्छ पांढरा पायघोळ तोब घातलेले अहमद, बाजूला ज्युलियन, आणि मध्ये कमाल. साहेबांना इंग्रजीशिवाय काही येत नव्हतं. अहमद हिंदी बोलत होते. दोघांच्या मधला पूल आपण आहोत हे लक्षात येताच कमालचा सकाळी गेलेला आत्मविश्वास सगळा परत आला. हामूरच्या कालवणाने साहेबांचे कान लाल झाले होते, तरी ते तिसऱ्यांदा वाढून घेत होते.

"साहब को बोलो, ये मच्छी मेरे हद्रे का है," अहमद म्हणाले.

कमालने इंग्रजीत सांगितलं, "ते म्हणतात, असा मासा त्यांच्या हद्र्यातही कधी आला नाही."

साहेब खूश झाले. "विचार त्यांना, पातं नीट फिरत होतं का?"

"साहब पूछते हैं, आपकी तबीयत कैसी है," कमाल अहमदना म्हणाला.

"तबीयत ठीक है. जाली ठीक नहीं था. तुमने तोड़ा."

"म्हणतात, पातं फार सुंदर फिरत होतं."

ज्युलियनला ठसका लागला. स्वयंपाकघराच्या दारात पळी घेऊन उभ्या असलेल्या ताहेराने डोळे मिटून घेतले. हिंदी तिला चांगली कळत होती.

अहमदनी सावकाश हात पुसले आणि साहेबांकडे वळून अस्सल इंग्रजीत म्हणाले, "मिस्टर डंकन, अर्धं आयुष्य मी रिफायनरीत इंग्रजांबरोबर काम केलंय. हा माणूस वाईट नाही, पण दुभाषा म्हणून याला ठेवू नका."

आणि त्यांनी सगळं सांगितलं. जाळी कशी पडली, मासे कसे गेले, तार कुणी बांधली. मग जरा थांबून म्हणाले, "बायको परत जाऊ नये म्हणून त्याने हे केलं. ती गेली तर या घरात राहवणार नाही, असं मला म्हणाला."

कमाल ताटात बघत राहिला. हे शेवटचं ताहेराला ऐकू जायला नको होतं, पण दहावीपर्यंतचं इंग्रजी तिला एवढं समजायला पुरेसं होतं. ती पुढे आली आणि तिने माशाचं डोकं कमालच्या ताटात वाढलं. घरात ते नेहमी पाहुण्याला जात असे.

"कमाल, यातलं खरं किती?" साहेबांनी विचारलं.

"सगळं, साहेब. मी जन्मात मासा पकडलेला नाही."

 अहमदनी सोडवून आणलेली गरी डंकन साहेबांनी उचलली आणि पातं बोटाने फिरवलं.

"मीही नाही," ते म्हणाले. "वॉलाय माझी बायको पकडते. मी होडी वल्हवतो. ही पेटी तिचीच आहे. निघताना म्हणाली, याने एक तरी मासा पकड, मग माझ्यासमोर मासेमारीवर बोल."

ज्युलियन आधी हसला, मग अहमद, मग साहेब स्वतः. कमाल हसला नाही. त्याचं सगळं लक्ष सहीकडे होतं.

सही शनिवारी सकाळीच झाली. पेन खाली ठेवता ठेवता साहेबांनी एकच अट घातली. मासा लागेपर्यंत दर शुक्रवारी कमालने त्यांच्याबरोबर सनाबिसला यायचं. अहमदशी बोलणं झालंय, हद्र्यापासून लांब उभं राहायचं. ओहोटीचं पाणी नदीसारखंच असतं, हे कमालनेच तर सांगितलं होतं.

आता ताहेरा कायमची नईममध्ये आहे. शुक्रवारी सकाळी ती चपात्यांचा डबा बांधून देते, आणि कमाल आठवड्यातली एकुलती एक सुट्टी गुडघाभर पाण्यात साहेबांशेजारी उभा राहून काढतो. पातं सुंदर फिरतं, मासा लागत नाही. परत जाताना अहमद दोघांनाही एकेक शेरी मासळी देतात आणि साहेब ती कॅनडाला पाठवायच्या फोटोसाठी गरीला अडकवतात.

परवा दारात डबा हातात देताना ताहेरा म्हणाली, "मना तं मिळाला व्हिसा. आता साहेबांना सांगा, शुक्रवारचा येक तुमालाबी काडून द्या, घरात राहायचा."