नकाराचे समान वाटप

बोस्नियातल्या आमच्या गावी, तंत्रशाळेतील भौतिकशास्त्राचे शिक्षक वेलिमिर यांनी वर्गात असे विधान केले की, जिच्यात एकच उमेदवार असतो तिला निवडणूक म्हणत नाहीत, हजेरी म्हणतात. विधान अचूक असल्यामुळे शिस्तभंगाची कारवाई क्रमप्राप्त होती. त्यांना कामावरून काढावे की नाही, हे गुरुवारच्या शाळासभेत ठरणार होते. नोकरी गेली की शाळेने दिलेले घरही जाणार. आणि त्या घराच्या तळघरात वेलिमिरांनी नुकताच सबंध हिवाळ्याचा कोळसा भरून घेतला होता.

बचावाची वाट नियमांतच होती. नागरिकांच्या एखाद्या संघटित गटाने सभेत उभे राहून हरकत घेतली, तर प्रकरण जिल्ह्याकडे पाठवावे लागे. आणि जिल्ह्याकडे गेलेले प्रकरण परत आल्याचे कोणाच्याही स्मरणात नव्हते. म्हणून गावातील विचारी मंडळी कॉफीगृहाच्या मागच्या खोलीत जमली आणि त्यांनी ‘लोकशाही पुढाकार’ हा गट स्थापन केला. संघराज्य मोडकळीला आले होते, तेव्हा असे गट गावोगावी निघत होते.

आता सभेत बोलायला एक वक्ता हवा होता. औषधविक्रेते रेफिक तत्काळ तयार झाले.

“तू एकटाच उमेदवार?” दंतवैद्य ओस्तोया म्हणाले. “मग वेलिमिर काय चूक बोलला होता, कॉम्रेड?”

“कॉम्रेड म्हणायचं नाही असं ठरलंय ना आपलं?”

“बरं, महाशय. प्रश्न तोच आहे.”

प्रश्न बिनतोड होता. दुसरा उमेदवार म्हणून वकील स्तीपो यांना उभे करण्यात आले. परंतु रेफिक मुसलमान आणि स्तीपो क्रोएट असल्यामुळे ‘किल्ली’ बसेना. कोणते पद कोणत्या समाजाकडे जाईल हे ठरवणाऱ्या रीतीला आमच्याकडे किल्ली म्हणतात. कारखान्याच्या संचालकापासून बुद्धिबळ मंडळाच्या उपाध्यक्षापर्यंत सर्वांना ती लागते. तेव्हा उरलेल्या तिसऱ्या, म्हणजे सर्ब समाजातर्फे ओस्तोया स्वतःच उभे राहिले. मतदान मुक्त, गुप्त आणि निर्दोष झाले. तिघांना समान मते पडली.

“देशाचं अध्यक्षपद पाळीपाळीनं फिरतं,” स्तीपो म्हणाले, “तर वाक्य का फिरू नये? एक वाक्य, तीन वक्ते.”

वाक्याचा मसुदाही त्यांनीच केला. त्यात नकार अगदी शेवटी ठेवला होता. सुरुवातीलाच नकार आला तर सभापती वाक्य मध्येच तोडतील, असा त्यांचा कायदेशीर सल्ला होता. वाटप पुढीलप्रमाणे झाले. रेफिक: “शिक्षक वेलिमिर यांना तत्काळ”. स्तीपो: “कामावरून दूर करावे, हे आम्हाला मान्य”. ओस्तोया: “नाही”.

“मला एकच शब्द?” ओस्तोयांनी विचारले.

“अरे, पण सगळा अर्थ तुझ्याच शब्दात आहे,” रेफिक म्हणाले.

“अर्थ तुम्हीच ठेवा दोघं. मला शब्द मोजून द्या.”

“‘मुळीच नाही’ म्हण हवं तर. झाले दोन.”

“भीक नको मला. आज एक शब्द, उद्या स्वल्पविराम द्याल.”

वेलिमिर कोपऱ्यात बसून होते. “मंडळी, वाक्य मीच बोलू का?” त्यांनी विचारले. त्यांचे वडील एका समाजाचे आणि आई दुसऱ्या समाजाची. त्यांना कोणत्या पाळीत धरावे याचा निर्णय व्हायचा असल्यामुळे सूचना विचारात घेता आली नाही.

गुरुवारी सभागृह भरले होते. सभापतींनी गटाला बोलण्याची परवानगी दिली. रेफिक उठले, आपला वाटा स्वच्छ आवाजात बोलले आणि बसले. स्तीपो उठले, “मान्य” या शब्दावर त्यांनी उत्तम ठेहराव घेतला आणि तेही बसले. ओस्तोया पहिल्या रांगेत हाताची घडी घालून छताकडे पाहत राहिले. बहिष्कार हा त्यांचा लोकशाही हक्क होता.

सभापतींनी शिष्टाचारापुरती वाट पाहिली. “झालं?” त्यांनी विचारले.

“नाही,” वेलिमिर उभे राहून म्हणाले.

“तुम्ही बसा, सर. तुमची नाराजी सभेनं गृहीतच धरली आहे.” मग ते गटाकडे वळले. “विरोधकांनी इतक्या समंजसपणे पाठिंबा दिला, याबद्दल सभा आभारी आहे.” टाळ्या झाल्या. ठराव एकमताने संमत झाला.

आठवडा संपण्यापूर्वी वेलिमिरांनी घर सोडले. कोळसा नव्या शिक्षकाला मिळाला. गटाने सरकारी सभागृहात विरोधी आवाज प्रथमच उमटल्याबद्दल समाधान व्यक्त केले, आणि पुढे तिन्ही वक्त्यांनी तीन पक्ष काढले.

दोष एकट्या ओस्तोयांवर टाकणे मात्र अन्यायाचे ठरेल. उरलेला शब्द त्या सभागृहात प्रत्येकाला ठाऊक होता. शिपायापासून मुख्याध्यापकांपर्यंत तो सर्वांच्या ओठांवर आला होता. परंतु पाळी दुसऱ्याची होती. वाचकहो, स्तीपो खाली बसले तेव्हा तो शब्द आपणही मनातल्या मनात उच्चारलात, याची मला खात्री आहे. सभागृहानेही अगदी तेवढेच केले होते.