जयंतीताईंचे सर्वाधिकार

"माझ्या परवानगीशिवाय आपल्या सर्व्हरमध्ये डाससुद्धा शिरणार नाही!" देवव्रत साटमने टेबलावर मूठ आपटून जाहीर केलं आणि दुसऱ्या हाताने स्वतःच्या मानेवर बसलेला डास मारला. डास सुटला. मान लाल झाली.

अंधेरी पूर्वेच्या त्या रक्ततपासणी कंपनीत तो कॉम्प्युटर खात्याचा प्रमुख होता. खात्यात तो एकटाच असल्यामुळे या पदासाठी चुरस नव्हती. मात्र नोकरी अजून कच्ची होती. गुरुवारी ऑडिट व्हायचं होतं. पास झालं तर नोकरी पक्की, नापास झालं तर रामराम, असं मालक अनंतरावांनी स्वच्छ सांगितलं होतं.

आणि सोमवारी सकाळी ती नोटीस आली! सर्व्हरच्या सिस्टिममध्ये एक भोक सापडलं होतं. बाहेरच्या चोराला त्याचा उपयोग नव्हता. पण आत साधं लॉगिन असलेला कुणीही सहा ओळी टाइप करून थेट सर्वाधिकारी होऊ शकत होता. म्हणजे पाहुणा चहाला यावा आणि कप खाली ठेवेपर्यंत फ्लॅट त्याच्या नावावर व्हावा! दुरुस्ती तयार होती, फक्त बसवायची होती.

अनंतरावांना दाखवायला देवव्रतने नोटीस छापायला सोडली. प्रिंटर नेहमीप्रमाणे अडकला. शेवटी तो तसाच केबिनमध्ये गेला.

"साहेब, नवीन अपडेट बसवायचंय. तातडीचं आहे."

"नवीन?" अनंतरावांनी कॅलेंडरकडे बोट केलं. "पितृपक्ष चालू आहे रे! घटस्थापनेला बसव."

"साहेब, नवीन म्हणजे दुरुस्ती आहे हो. गळका नळ दुरुस्त करतोच ना आपण?"

"आमच्या घरी बाथरूम गळतंय, तेही थांबलंय."

आपल्या माणसांत सहा ओळी न चुकता टाइप करणारा आहेच कोण, असं म्हणून देवव्रतने मनाची समजूत घातली. ऑडिटवाल्यांनी नेमकं तेच विचारलं नाही म्हणजे झालं!

गुरुवारी साडेदहाला ऑडिटर संघमित्रा मॅडम आल्या. चहा नको, बिस्किट नको, हसणं तर नकोच!

"सर्व्हर उघडून दाखवा."

देवव्रतने ऐटीत नाव टाकलं, पासवर्ड टाकला. पडद्यावर उत्तर आलं: या नावाचा कुणीही इथे नाही.

त्याने पुन्हा टाकलं. या नावाचा कुणीही इथे नाही. तिसऱ्यांदा तर तो स्वतःचं नाव मोठ्याने म्हणत एकेक अक्षर दाबत होता, जन्मदाखल्यासाठी आल्यासारखा.

"तुम्ही इथे नोकरीला आहात ना?" मॅडमनी विचारलं.

"दुपारपर्यंत तरी आहे," देवव्रत म्हणाला. मग तो ताडकन उठला. "मॅडम, वाट लागली! कुणीतरी आत शिरलंय!"

"मग आत्ता सर्व्हरचा ताबा कुणाकडे आहे?"

"माझ्याकडे!" कोपऱ्यातून आवाज आला.

रिपोर्ट छापून पाकिटात भरणाऱ्या वाकोल्याच्या जयंतीताई चष्मा कपाळावर सरकवून उभ्या होत्या. वय अठ्ठावन्न, पूर्वायुष्य कोर्टात टायपिस्ट.

"तुम्ही? ताई, तुम्ही?"

"ओरडतोस काय? तूच कागद पाठवलास ना? प्रिंटर अडकतो म्हणून अकरा वेळा सांगितलं तुला. सोमवारी दुपारी त्याच प्रिंटरमधून कागद आला. वर 'तातडीचे', खाली टाइप करायच्या सहा ओळी. म्हटलं, चला, पोराने मनावर घेतलं एकदाचं!"

"मग?"

"मग काय? केलं टाइप. एकही चूक नाही हं! पडद्याने विचारलं, अडकलेले कागद सोडू का? हो म्हटलं. साडेतीनशे कागद एका फटक्यात मोकळे झाले. आता झकास चालतोय प्रिंटर."

"आणि तिथेच थांबलात ना, ताई?" देवव्रतने काकुळतीला येऊन विचारलं.

"थांबायला काय झालं? कागद पुढे होता ना! कोर्टाची सवय, शेवटच्या ओळीपर्यंत जायचं. 'दुरुस्ती बसवा' लिहिलं होतं, बसवली. 'नव्वद दिवस न वापरलेली नावं काढा' लिहिलं होतं, काढली. एकवीस निघाली. काशीरामला तर नोकरी सोडून तीन वर्षं झाली, तरी नाव होतं बिचाऱ्याचं. त्याच्या खाली तुझं."

चालत्या यंत्राला हात लावू नये, हे देवव्रतचं तत्त्व होतं. ते त्याने नव्वद दिवस कसोशीने पाळलं होतं.

"पण ताई, पितृपक्ष आहे!" दारातून अनंतराव कळवळले.

"गेलेल्यांचीच नावं काढली ना साहेब? आणखी काय करतात पितृपक्षात?"

संघमित्रा मॅडम ताईंच्या खुर्चीत बसल्या. वीस मिनिटं त्या कळा दाबत राहिल्या. शेवटी त्या उठल्या.

"भोक बुजलंय. जुनी नावं साफ आहेत. या आठवड्यात मी सात कंपन्या पाहिल्या. दुरुस्ती बसवलेली ही पहिलीच! अधिकार आजच्या आज योग्य माणसाकडे द्या, तशी नोंद करा. पास!"

देवव्रतने जो श्वास सोडला, त्याने ताईंची चार पाकिटं टेबलावरून खाली उडाली. अनंतरावांनी जागच्या जागी नोकरी पक्की केल्याचं सांगितलं आणि मॅडमना सोडायला लिफ्टपर्यंत गेले.

जयंतीताईंनी देवव्रतचं नाव पुन्हा चढवलं, एका दमात, न चुकता.

"घे. आता माझे ते अधिकार काढून टाक बाबा. तिथे नुसती सगळ्यांच्या रजांची यादी दिसते मला. मंजूर करू का, मंजूर करू का, म्हणून सारखं विचारतं मेलं!"

देवव्रतचा हात कीबोर्डवर थबकला. त्याने लिफ्टच्या दिशेने पाहिलं, खुर्ची जवळ ओढली आणि आवाज खाली आणला.

"काढतो ताई, लगेच काढतो. त्याआधी माझी उद्याची अर्धी रजा तेवढी मंजूर कराल?"